पोटात रेडियम होतं तेव्हा

मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. मी मेले नाही. हा रोग होऊन जगलेली बाई आमच्याकडे कोणाला माहीत नसते, कारण बायका हा रोग सांगतच नाहीत. म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. औषधांची नावं माझ्याकडून कळणार नाहीत. मला काय झालं आणि माझ्यापायी घरात काय झालं, तेवढं सांगते.

वास

दारव्ह्याला आमचं घर जिनिंगच्या मागं. माझा मुलगा किसन जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होता आणि मी कापसातला कचरा वेचायला. माझे मालक वारून बरीच वर्षं झालेली. घरात तिसरं माणूस म्हणजे माझी सून शांता. आदल्या साली आम्ही तिघांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती.

माझी पाळी केव्हाच बंद झाली होती. एक दिवस कापूस वेचता वेचता लुगडं भिजलं. शेजारच्या बाईनं पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारे, तू तं जवान होऊन राह्यली वं. आता तुहा पाट लावून देऊ." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन चिंध्या चुलीत घातल्या.

रक्त थांबलं, पुन्हा गेलं. मग पाणी जायला लागलं आणि त्याला वास यायला लागला. कंबर मोडल्यासारखी दुखायची. मी कोणाला बोलले नाही. दोन लुगडी एकावर एक नेसायची आणि लोकांपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसायची.

शांता एकदा धुणं घेऊन समोर उभी राहिली. "आत्याबाई, रागावू नका. तुमच्या लुगड्याले वास येऊन राह्यला."

"कायचा वास?"

"मेलेल्या उंदरासारखा."

अशी सून आहे माझी. मी तिला दोन शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले आणि संध्याकाळी किसनला सांगून टाकलं.

यवतमाळ

छोट्या रेल्वेनं यवतमाळला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला टेबलावर झोपवून पाय वर घ्यायला लावले. बायकांनो, लाज वाटते. वाटू द्या. लाजेनं कोणी मरत नाही, या रोगानं मरतात.

"आजी, किती दिवसांपासून अंगावर जातंय?"

"कापसाच्या हंगामापासून."

"मग आधी का नाही आलात?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता वास येते."

त्यांनी हात धुतले. फार वेळ धुतले. तेव्हाच मला कळलं. म्हणाल्या, "आत गाठ आहे. कॅन्सर म्हणतात याला. नागपूरला जा. तिथं रेडियम लावतील."

"मराले किती वेळ हाय?"

त्यांनी आधी शांताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नागपूरला गेलात तर कदाचित बराच वेळ आहे. घरी गेलात तर नाही."

परत येताना गाडीत मी खिडकीशी बसले. मला मरणाची भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून जास्त भीती सडण्याची होती. मी जिवंत असताना माझ्याच घरातल्यांना नाकाला पदर लावावा लागेल, हे डोक्यात बसलं होतं.

रेडियम म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. जिनिंगचा मिस्त्री मुसलमान होता, चार गावं फिरलेला. तो किसनला म्हणाला, "रेडियम? वो तो घडी में रहता है. अंधेरे में चमकता है." घड्याळातली वस्तू पोटात घालून रोग कसा बरा होतो, ते त्यालाही सांगता आलं नाही.

शांता तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. पहिलं पोट तिचं पाचव्यात गेलं होतं. मी म्हटलं, तू येऊ नको, दगदग होईल. ती म्हणाली, "तुमचं धुणं कोण धुवीन? हे धुतीन?"  आली ती. नागपूरला माझ्या भावाकडं दोघं उतरली.

गेरूची रेघ

दवाखाना मोठा होता. तपासण्या झाल्या, किसननं रक्त दिलं. मग मला वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत नेलं. तिथं दोनच खाटा होत्या, दोन कोपऱ्यांत. मध्ये चाकांवर शिशाचा जाड पडदा. दारापासून थोडं आत जमिनीवर गेरूनं आडवी रेघ ओढलेली होती. रेघ कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एनिमा दिला, खालचे केस काढले आणि आत नेलं. नाकावर जाळी धरली, गोडसर घाण वास आला आणि मी गेले.

जाग आली तेव्हा खाटेवर होते. रेडियम लहान लहान नळ्यांत असतं. नळ्या पिशवीत, म्हणजे गर्भाशयात आणि त्याच्या तोंडाशी ठेवतात. नळ्यांना दोरे असतात, ते मांडीला पट्टीनं चिकटवतात. नळ्या हलू नयेत म्हणून कापडाचा बोळा इतका कोंबतात की बाळंतपण मधेच अडकल्यासारखं वाटतं. लघवीला रबराची नळी. कूस बदलायची नाही, उठायचं नाही. असं काही दिवस पडून राहायचं. रेडियमचा चटका लागत नाही. दुखतो तो बोळा, आणि पाठ.

शांता खाटेच्या कडेला बसून माझ्या नडग्या दाबत होती. वाकून दाबत होती, त्यामुळं तिचं पोट माझ्या मांडीला टेकत होतं. किसन दाराशी उभा होता. मी गुंगीत होते. कोणीतरी आपलं आहे, एवढंच कळत होतं.

हमाल चहा घेऊन आला. रेघेपाशीच थांबला. "ए बाई, लांब हो. शिवायचं नाही तिला. रेघेच्या बाहेर उभं राहायचं."

त्याच्या बनियनच्या गळ्यातून जानवं दिसत होतं. ते किसनला आधी दिसलं.

"काहून शिवाचं नाही?"

"नियम आहे."

"कोणाचा? तुह्या बापाचा?"

"साहेबांचा."

"साहेबाचं नाव सांगू नको. गावातबी लोक नियमच म्हणत. मी ते सारं याच नागपुरात सोडलं, आन् तू मले नागपुरातच रेघ दाखवतं?"

आवाज ऐकून सिस्टर आली. दक्षिणेकडची होती, मराठी येत नव्हतं. "पास नहीं, पास नहीं. जाओ. मना है."

"काहून मना?"

"मना है."

तिच्याकडं तेवढेच शब्द होते. किसन शांताला म्हणाला, "बस तथीच. हात धर मायचा. पाहू कोण उठवते."

भेटीची घंटा होईपर्यंत शांता बसली. दुपारभर.

पाटलीण

दुसऱ्या कोपऱ्यातल्या खाटेवर महागावकडची पाटलीण होती. तिला माझ्या आदल्या दिवशी रेडियम लावलं होतं. सकाळी ती रडत होती. मी पडद्याच्या अलीकडून विचारलं, "काय वं बाई, दुखते का?"

"दुखते, पण त्याचं नाही. माही लेक दारात उभी राहून परत गेली. जवळ येऊ देलं नाही. ताट पाह्य कसं देतात. गाड्यावर ठेवतात आन् ढकलतात. मले जन्मात कोणी असं दूर ठेवलं नाही."

"मले सवय हाय," मी म्हटलं.

तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "तुही सून तं काल बसली होती जवळ."

"मुलगा भांडला म्हून बसली."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हे काहीतरी वेगळं आहे. पाटलिणीलाही ताट ढकलूनच देतात, तर रेघ जातीची नाही. मग कशाची?

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातली वीज गेली. मी पाटलिणीला मिस्त्रीची घड्याळाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "खरंच चमकत असंन का?" आम्ही दोघींनी आपापली चादर उचलून आत पाहिलं. काही चमकत नव्हतं. पाटलीण हसायला लागली, हसताना बोळा दुखला म्हणून ओरडली, आणि ती ओरडली म्हणून मला हसू आलं. दवाखान्यात मी हसले ते एवढंच.

डॉक्टरांची बोटं

पुढच्या सकाळी डॉक्टरसाहेब आले. वयस्कर, चष्मेवाले, कमी बोलणारे. रेघेच्या बाहेरून म्हणाले, "दुखतंय का?"

"दुखते. पण मले एक सांगा. तुमच्या माणसानं माह्या सुनेले दूर काहून केलं?"

"कोणालाच जवळ येऊ देत नाही."

"काहून, ते विचारून राह्यली."

ते निघाले होते, थांबले. "तुमच्या पोटात रेडियम आहे. त्यातून किरण निघतात. दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही. ते तुमची गाठ जाळतात. पण गाठ कोणती आणि चांगलं मांस कोणतं, हे त्यांना कळत नाही. जवळ येईल त्याच्या अंगातून जातात."

"लुगड्यातून?"

"लुगडं, गादी, लाकूड, सगळ्यातून. शिशानं थोडे अडतात. नाहीतर लांब राहणं एवढाच उपाय. चुलीपासून मागं सरकलं की धग कमी लागते ना, तसं."

"धग तं समजते. हे समजत नाही म्हणता."

"तेव्हा समजत नाही. पुढं समजतं." त्यांनी उजवा हात वर केला. बोटांच्या टोकांची कातडी वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखी होती आणि नखं उभी चिरलेली. एका बोटाला जखम होती, जुनी, न भरलेली. "तरुण होतो तेव्हा नळ्या हातानं उचलायचो. आता लांब चिमट्यानं उचलतो."

मी विचारलं, "पोटुशी बाई जवळ बसली तं?"

ते रेघ ओलांडून आत आले. "कोण बसलं?"

"माही सून. सातवा महिना. परवा दुपारभर बसली. पोट मले टेकवून."

"आणि काल?"

"काल सिस्टरनं दारातून परत पाठवली."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या खाटेची कड पाहिली. त्या पाहण्याचा मला जेवढा धाक वाटला, तेवढा कॅन्सर शब्दाचा वाटला नव्हता.

"लेकराले काय होईन?"

"आज सांगता येत नाही. तिला आता अजिबात येऊ देऊ नका."

बाहेर जाऊन ते सिस्टरला इंग्रजीत रागावले. मी पडून विचार केला. सिस्टरकडं दोन शब्द होते. हमालाकडं जुनेच शब्द होते. 'लेकराला धोका आहे' एवढं कोणी म्हटलं असतं, तर किसननं शांताला उचलून बाहेर नेलं असतं.

मागचं दार

त्या दिवशी भेटीच्या वेळी सिस्टर पुढच्या दारात उभी होती. खोलीच्या मागं न्हाणी होती आणि न्हाणीला झाडूवालीसाठी बाहेरून दार होतं. किसननं ते शोधून काढलं होतं. मला न्हाणीत पावलं ऐकू आली, आणि शांता हातात डबा घेऊन आत आली. मागं किसन.

"थांब," मी म्हटलं. "तथीच थांब."

"आत्याबाई, पेज आणली."

"खाली ठेव आन् जाय."

किसन म्हणाला, "बस शांते. घाबरू नको कोणाले."

"किसन, ऐक. माह्या पोटातल्या औषधाची धग लागते. लेकराले बाधंन. डॉक्टरनं सांगतलं."

"आज सांगतलं? परवा काहून नाही सांगतलं? आपण भांडलो म्हून आता गोष्ट बनवली."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले इतकं समजते का तुलेबी त्यायनं शिकवलं. आपल्याच माणसाच्या तोंडून बोलवून राह्यले."

पडद्याच्या पलीकडून पाटलीण म्हणाली, "खरं हाय रे बावा. माह्याही लेकीले येऊ देत नाही."

"तुम्ही नका सांगू आम्हाले दूर राह्याचं," किसन म्हणाला.

त्यानं शांताचा दंड धरला आणि तिला पुढं आणलं. ती माझ्याकडं पाहत होती, त्याच्याकडं पाहत होती. मला उठता येत नव्हतं. हललं तर नळ्या सरकणार. माझ्याकडं फक्त तोंड होतं.

मी म्हटलं, "शांते, मले शिवू नको."

हा शब्द मी जन्मभर ऐकला. विहिरीवर ऐकला, शाळेच्या ओट्यावर ऐकला, दुकानाच्या पायरीखाली उभं राहून ऐकला. दीक्षा घेतल्यावर किसननं सांगितलं होतं, हा शब्द या घरात कोणी काढायचा नाही, गमतीतही नाही. आणि मी तो तिच्या तोंडावर फेकला. शांताचा चेहरा असा झाला की मी थोबाडीत मारली असती तर बरं, असं मला वाटलं.

ती थांबली. किसन थांबला नाही. "पाह्यलं? पाह्यलं कसं बोलाले लावलं?" असं म्हणत तो तिला ओढतच होता.

मी चादरीखाली हात घातला आणि मांडीवरचे दोरे मुठीत धरले.

"अजून एक पाऊल टाकलं तं हे ओढून काढीन. मंग कोणाले दूर राह्याची गरज नाही. मीच राह्यणार नाही."

मी दमदाटी करत नव्हते. ओढले असते. मी म्हातारी होते, पोटातलं लेकरू यायचं होतं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

शांताला ते कळलं. तिनं डबा जमिनीवर ठेवला, दंड सोडवून घेतला आणि किसनला म्हणाली, "चला. आत्याबाई उगीच नाही म्हणत." आणि आली त्या दारानं गेली.

किसन उभाच राहिला. मी म्हटलं, "जाय, साहेबाले भेट. त्यायचा हात पाह्य."

बऱ्याच वेळानं तो पुढच्या दारात आला. रेघेच्या बाहेर थांबला.

"पाह्यला हात?"

"पाह्यला."

"काय म्हणाले?"

"किती वेळ बसली, किती जवळ बसली, इचारलं. म्हणाले, एका दुपारचंच हाय, फार नसंन. पण लेकरू जन्मल्याबिगर सांगता येत नाही." तो जमिनीकडं पाहत होता. "मीच बसवलं तिले."

"हो," मी म्हटलं.

समजूत काढली नाही. खरं होतं ते.

ताट

सिस्टरबद्दल एक लिहायचं राहिलं. ती रोज यायची, ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायची, चादर उचलून दोरे पाहायची, ओठातल्या ओठात काही मोजायची आणि भराभर निघून जायची. आधी मला राग येई. मग पाटलिणीच्या लेकीकडून कळलं की आमच्या खोलीची पाळी दुसऱ्या एका सिस्टरचीही होती. ती नवी लग्नाची होती, म्हणून ही तिच्याही पाळ्या स्वतः करायची. माझ्या तोंडावरून फिरलेलं ते फडकं मी विसरणार नाही.

पाटलिणीला एक दिवस जास्त ठेवलं होतं, म्हणून दोघींच्या नळ्या एकाच सकाळी काढल्या. डॉक्टरांनी लांब चिमट्यानं एकेक नळी शिशाच्या पेटीत टाकली, मोजल्या, आणि म्हणाले, "आता अंगात काही राहिलं नाही. कोणालाही जवळ येऊ द्या."

दुपारी वरणभात मिळाला. जेवण झाल्यावर तोच हमाल आला. पाटलिणीचं ताट त्यानं हातानं उचललं. माझ्या ताटापाशी थांबला आणि बाहेर हाक मारली, "ए झाडूवाली, हे ताट घेऊन जा."

"काहून रे," मी म्हटलं, "रेडियम तं काढलं."

"ते माझं काम नाही."

पाटलिणीनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. मी तिच्याकडून काही अपेक्षा केली नव्हती.

म्हणजे किसनचं रेघेबद्दल चुकलं होतं, पण माणसाबद्दल चुकलं नव्हतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. काही आठवड्यांनी मला दुसऱ्यांदा रेडियम लावायचं होतं. ताटाचं सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा दोन्ही गोष्टी एकात कालवल्या असत्या. दुसऱ्या वेळी तो एकटाच आला आणि रेघेच्या बाहेर उभा राहून गेला. शांता दारव्ह्यालाच राहिली.

घरी

घरी आल्यावर आपण बरे झालो असं वाटत नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. हगवण लागते, आग होते, लघवीला जळतं. जिना चढावा तसा दम घर झाडताना लागतो. भाकरी नको, ताकभात, मऊ खिचडी खा. ज्यांचे नवरे आहेत त्यांनी पुढचं डॉक्टरिणीला विचारून घ्यावं, लाजून गप्प बसू नये. रोग पुन्हा उलटतो का, ही भीती जात नाही. पाटलीण वर्षाच्या आत गेली असं तिच्या लेकीनं कळवलं. तेच रेडियम, तेच डॉक्टर. ती का गेली आणि मी का राहिले, ते मला माहीत नाही. देवानं वाचवलं म्हणायला आम्ही देव ठेवले नाहीत.

वस्तीतल्या काही बायकांनी आपली पोरं माझ्याजवळ येऊ देणं बंद केलं. आमच्याच बायका, आमच्याबरोबर दीक्षा घेतलेल्या. माझ्या अंगात अजून ते आहे, असं त्यांना वाटे. शांता भांडायला गेली. "काढून टाकलं ते. पेटीत घालून ठेवलं. या आन् बसा," म्हणाली. एक-दोघी आल्या आणि उंबऱ्यावर बसून गेल्या.

ज्यांच्या घरी असं आजारपण येईल त्यांना मी एवढंच म्हणेन: लांब उभं राहा असं दवाखान्यात सांगितलं, तर उभं राहा, आणि तिथूनच कारण विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि सांगणाऱ्यांनी कारण सांगावं. आमच्यासारख्यांना नुसतं 'लांब' म्हटलं की दुसरंच ऐकू येतं.

लेकरू होईपर्यंत घरात मात्र बोलणं बंद झालं होतं. किसन कामावरून आला की ओसरीवर बसायचा. दीक्षा घेतलेल्यांच्या सभेला जाणं त्यानं सोडलं. शांता काम करता करता थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि लेकरू हललं की पुन्हा कामाला लागायची. ती काय करते, ते किसनला कळायचं. तो त्या वेळी दुसरीकडं पाहायचा. एकदा यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडं तिला घेऊन गेले. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं. "ठोके चांगले आहेत," म्हणाल्या. लेकरू नीट आहे का, ते मी विचारलं नाही. शांतानंही विचारलं नाही.

सारं आहे का

शांताला सकाळी कळा लागल्या आणि दुपारी मोकळी झाली. मुलगी. जरा लहानखुरी. सुईणीनं नाळ कापली, पोरगी रडली, आणि सुईण माझ्या हातात देऊन म्हणाली, "चांगली हाय वं."

शांता डोळे मिटून पडली होती. तिनं मुलगा की मुलगी तेही विचारलं नाही.

"आत्याबाई, सारं हाय ना?"

"सारं हाय."

"नीट पाह्यलं?"

"पाह्यलं."

"उजेडात न्या आन् पुन्हा पाहा."

मी पोरीला दाराशी उजेडात नेलं. किसन बाहेर उभा होता. मी म्हटलं, "ये, पाह्य." तो आला नाही. तिथूनच म्हणाला, "तू पाह्य माय. मले सांग."

मी पाहिलं. बोटं, कान, टाळू, पाठीचा कणा, सगळीकडून हात फिरवला. काही कमी नव्हतं. आत जाऊन शांताला सांगितलं, बाहेर येऊन किसनला सांगितलं. त्यानं खांबाला पाठ टेकली आणि खाली बसला. मी पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खालून माझा हात लावून ठेवला.

तिचं नाव सुजाता. आता तिसरीत आहे. पाढे येतात, भांडते, झाडावर चढते. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही झालेलं नाही, आता चिंता सोडा. त्यांचं बरोबर असेल. पण पोरीला नुसता ताप आला तरी आमच्या घरातली कामं थांबतात. किसन बाहेर जाऊन उभा राहतो. शांता माझ्याकडं पाहते. आणि मी पोरीला दाराशी उजेडात घेते, झगा काढते, आणि पायांपासून पाहायला लागते.